स्क्रीनवरची चिकटपट्टी

सोमवार, १२ ऑगस्ट

दवाखान्यातलं संगणकाचं मशीन मेलं. सकाळी बटण दाबलं, आतून खरखर झाली, दोनदा कुंई केलं आणि गप्प. सिस्टर लुडविना म्हणाली, "झोपलंय, पुन्हा दाब." पुन्हा दाबलं. झोपलेलं नव्हतं.

आणि मुहूर्त काय साधला! शनिवारी सिफीचा एक्स-रे काढलाय. फोटो एक्स-रेच्या डब्यात पडून आहे. तो लाए शहरातल्या मोठ्या इस्पितळात पाठवायचा तर ह्याच मशीनमधून जातो, दुसरा रस्ता नाही. दवाखान्याची बोट चोवीस तारखेला येणार. डॉक्टरांनी फोटो आधी बघितला, खाट राखून ठेवली, तरच बोट पेशंट घेते. नाहीतर पुढची बोट नोव्हेंबरात.

सिफीला नोव्हेंबर परवडणार नाही. माझ्या नणंदेची नऊ वर्षांची पोर. पाठीच्या मधोमध सुपारीएवढं टेंगूळ आलंय आणि आता पाय ओढत चालते. काल ओढ्यावर पडली. मी धावले तर हसत म्हणते, "मामी, पाय माझं ऐकत नाहीत." नणंद तिथेच कपडे धूत होती. तिने वर बघितलं नाही. ऐकलं मात्र सगळं.

लाएला फोन लावला. आमच्या बाजूची सगळी दवाखान्यांची मशीनं कोम्ब्री बघतो. हायलँडचा, डोंगरी मुलखातला माणूस, आवाज मोठा. म्हणाला, "डिस्क गेली ताई. नवी पाठवतो खोबऱ्याच्या बोटीने. मशीन चालवणारं लिनक्स तुलाच घालावं लागेल."

म्हटलं, मी नोंदी ठेवणारी बाई, मला कुठलं येतंय.

"भात शिजवता येतो ना? तसंच आहे. एकेक पायरी, आणि मध्ये उठून जायचं नाही."

फोनला रेंज मिळते ती फक्त व्हरांड्याच्या टोकाला. आणि तिथेच मामंजींचा बाक! मी फोनवर बोलत होते आणि ते बाकावर सिफीला मांडीवर घेऊन खोकत होते. अर्धं बोलणं खोकल्यात गेलं. तंबाखू काही सुटत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून ओढायची आणि मग छाती फुटेस्तोवर खोकायचं. मी काही बोलू शकत नाही, तेही माझ्याशी बोलत नाहीत. सासरा-सून, बोलायचं कसं? काही सांगायचं असलं तर खांबाला सांगतात, नाहीतर टॉर्चला. टॉर्च म्हणजे आमचा कुत्रा. आज टॉर्चला म्हणाले, "मशीनवाल्या बाईला सांग, घाई कर."

टॉर्च शेपटी हलवून निघून गेला.

गुरुवार, १५ ऑगस्ट

डिस्क आली. तांदळाच्या पोत्यात गुंडाळून, वरून दोरी, वरून माझं नाव, डॉर्कस. सोबत पेनड्राइव्ह.

सिस्टर लुडविनाने स्क्रू काढले. तिच्या हातात जोर आहे. कोम्ब्री फोनवर सांगत होता, मी टोकाला उभी राहून ऐकायचं, आत धावत जाऊन करायचं, परत टोकाला यायचं. व्हरांड्यावरच्या पेशंटांना फुकटचा तमाशा. एका म्हातारीने विचारलं, "पोट बिघडलंय का ग?"

भाषा निवडली, घड्याळ लावलं, परवलीचा शब्द दिला. सगळं सरळ. मग मशीनने विचारलं — ह्या संगणकाचं नाव काय?

हात थांबला.

जुन्या मशीनला मामंजींचं नाव होतं. हे आरोग्य केंद्र सुरू झालं तेव्हा आलेल्या जर्मन पोराने ठेवलं. मामंजी ह्या किनाऱ्यावरचे पहिले औषधवाले, म्हणून मान द्यावा असं त्याला वाटलं. मान त्यांना, फास मला! आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. तोंडाने नाही, लिहूनही नाही. धाकट्या जावेने भूकंपात घाबरून एकदा त्यांना नावाने हाक मारली. जीव वाचला, पण दंड म्हणून अख्खं डुक्कर द्यावं लागलं. अजून तिला कोणी ना कोणी विचारतं, "काय ग, जमीन हलली का?"

आणि इथे मशीन चालू केलं की स्क्रीनवर वरच्या बाजूला पहिल्यांदा तेच नाव. रोज सकाळी, माझ्या डोळ्यांसमोर. म्हणून मी तेव्हाच दवाखान्यातली रुंद चिकटपट्टी घेतली आणि स्क्रीनच्या वरच्या कडेला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटवली. जर्मन पोरगा बघतच राहिला. पण चाललं. इतकी वर्षं चाललंय.

आज मी "लापुन" लिहिलं. म्हातारबाबा. आम्ही सगळ्या सुना घरात त्यांना असंच म्हणतो, त्यांच्या माघारी. मशीनने मुकाट्याने घेतलं.

दुपारी स्क्रीन उघडली, छान निळी. लुडविनाने टाळ्या वाजवल्या. मग कोम्ब्री म्हणाला, "आता पेनड्राइव्हमधली सेटिंगची फाइल उतरव. ती उतरली की लाए तुला ओळखेल." उतरवली. मशीन बंद करून चालू केलं.

काळं. डाव्या बाजूला एक रेघ लुकलुकते. बाकी काही नाही.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

दिवसभर काळं.

कोम्ब्री म्हणतो, चित्र दाखवणारा भाग जुना आहे, नव्या लिनक्सशी त्याचं पटत नाही. सुरू होताना एक शब्द टाकायला सांगितला, म्हणजे स्क्रीन ऐट करत नाही, साधंसुधं दाखवते. टाकला. काळं. दुसरा शब्द सांगितला. तेही काळं.

"काय दिसतंय नीट सांग ताई. एक अक्षर सोडू नको."

"रेघ लुकलुकते."

"वर काही? खाली काही?"

"काही नाही."

"नाव जुनंच दिलंस ना मशीनला? मशीनमध्ये आणि फाइलमध्ये नाव एकच पाहिजे हं."

म्हटलं, एकच आहे. खोटं नाही बोलले. आमच्या घरात लापुन म्हटलं की दुसरा कोण माणूस असणार? आणि शेजारी बाकावर मामंजी बसलेले, त्यांच्यासमोर ह्या विषयात किती खोलात जाऊ?

"मग स्क्रीनचाच घोळ," कोम्ब्री म्हणाला. "पहिल्यापासून घाल."

शनिवार, १७ ऑगस्ट

पहिल्यापासून घातलं. निळं. फाइल उतरवली. काळं.

सोमवार, १९ ऑगस्ट

काल चर्चमध्ये सिफीला उचलून न्यावं लागलं. मामंजींनी पाठीवर घेतलं. सगळं गाव बघत होतं. पाळकांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. नणंद दगडासारखी बसली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "वहिनी, तुझ्या त्या मशीनसाठी पण करायला सांगायची का प्रार्थना?" बोलण्यात विष होतं. असू दे. तिच्या जागी मी असते तर मशीन समुद्रात फेकलं असतं, आणि मशीनवालीलाही.

पण मी काय मुद्दाम करतेय? पाच दिवस डोळे फोडतेय. माझा नवरा खाणीवर, त्याचा फोन आला की तोही हेच विचारतो — झालं का, झालं का. नाही झालं! झालं की ढोल वाजवेन, सगळ्यांना कळेल.

कोम्ब्रीची नवी कल्पना: स्क्रीनच बदलून बघ. शाळेच्या हेडमास्तरांकडून त्यांची स्क्रीन मागून आणली. द्यायला तयार नव्हते. "परीक्षेचे पेपर ह्याच्यावर काढायचेत, ओरखडा आला तर बघा." लुडविना म्हणाली, "ओरखडा आला तर टाका घालून देईन मास्तर." तेव्हा दिली.

छत्री धरून आणली, पुसली, वरच्या कडेला पट्टी चिकटवली, तार जोडली.

काळं. रेघ लुकलुकते.

म्हणजे स्क्रीन चांगली आहे. मग काय वाईट आहे?

मंगळवार, २० ऑगस्ट

आज कोम्ब्री माझ्यावर ओरडला. मीही ओरडले. तो म्हणतो, तीच फाइल बाकीच्या सगळ्या केंद्रांत चालतेय, तुझ्याकडेच का नाही? तू काहीतरी मला सांगत नाहीयेस. मी म्हटलं, तू लाएत पंख्याखाली बसून बोलतोस, इथे पोरीचे पाय निकामी होत चाललेत. मग तो म्हणाला, "बरं. पुन्हा वाच. वरून सुरू कर."

"काही नाहीये रे वर!"

"मशीन एवढं मुकं नसतं ताई. बिघडलं की काहीतरी बोलतंच."

फोन ठेवला. बाकावर मामंजी आणि सिफी एकाच घोंगडीत, एकाच मगातून चहा. तो मग दोघांचा आहे, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाहीत. सिफी त्यांना माझी नक्कल करून दाखवत होती — "काही नाहीये रे वर! काही नाहीये रे वर!" मामंजी हसले, हसता हसता खोकले. मला हसू आलं नाही.

लुडविना उद्या वरच्या गावांना लशी द्यायला चालली. शुक्रवारी येईल. आज घरी जाताना म्हणाली, "मी नसताना मशीनला मारू नकोस."

बुधवार, २१ ऑगस्ट

सिफीने रात्री अंथरूण ओलं केलं. तिला कळलंच नाही. नणंद सकाळी चटई धुवायला ओढ्यावर गेली ती दुपारपर्यंत आली नाही.

गुरुवार, २२ ऑगस्ट

नीट क्रमाने लिहिते.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. पेशंटांची खोली गळायला लागली. मामंजींनी सिफीला पाठीवर आणलं आणि माझ्या खोलीतल्या बाकावर निजवलं, कोरडी जागा तेवढीच. स्वतः दारात उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. ते कधी ह्या खोलीत येत नाहीत. मी असते ना.

मी जनरेटर लावला, मशीन चालू केलं. काळं. आता मला त्याचा रागही येत नव्हता. नुसती बघत बसले. परवा बोट. डॉक्टरांना फोटो आजच्या आज मिळाला नाही तर संपलं.

मामंजी दारातून म्हणाले, "सिफे, तुझ्या मामीला विचार, फोटो गेला का."

"मामी, आजा विचारतो, फोटो गेला का."

"सांग, नाही गेला. स्क्रीन काळीच आहे."

"आजा, नाही गेला. स्क्रीन —"

"ऐकलं ते. मी बहिरा नाही. विचार, काळी का आहे."

"मामीला माहीत असतं तर काळी राहिली असती का, आजा?"

मामंजींनी मान वळवली. माझ्याकडे नाही, स्क्रीनकडे. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "विचार तिला, त्या काचेला जखम झालीये का?"

"का?"

"पट्टी बांधलीये म्हणून."

सिफी आनंदाने सांगायला लागली. "जखम नाही आजा! तिथे तुझं नाव येतं. मामीने झाकलंय. ही मास्तरांची स्क्रीन आहे, हिच्यावर तर आल्या आल्याच चिकटवली. तार पण जोडली नव्हती."

माझे कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याच क्षणी डोक्यात लख्ख पडलं.

आल्या आल्याच चिकटवली. तार जोडायच्याही आधी. मी रोज कोम्ब्रीला सांगत होते, वर काही नाही, वर काही नाही. वर मी बघितलंच नव्हतं! पट्टी माझ्या डोळ्यांना दिसतच नाही. स्क्रीन जिथे संपते तिथे पट्टी सुरू होते, एवढंच मला इतकी वर्षं माहीत. मशीन बोलत होतं, मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

मी उठले. हात पट्टीकडे गेला आणि तिथेच राहिला. खाली नाव असणार. मामंजी दारात. पोर बाकावर. मला ओरडावंसं वाटत होतं. पट्टीसारखी पट्टी, ओढली की निघते, आणि माझी बोटं वळेनात. काय करावं ते कळेना. मी रडायला लागले, सरळ, मोठ्याने, सासऱ्यासमोर.

मामंजी म्हणाले, "सिफे, मामीला सांग, भिंतीकडे तोंड कर."

मी लशींच्या तक्त्याकडे तोंड करून उभी राहिले. मागे त्यांचे ओले पाय वाजले. त्यांनी जन्मभर लोकांच्या पट्ट्या काढल्यात. एक केस ओढला जायचा नाही, असा हात. पट्टी निघाल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

मग ते वाचायला लागले. इंग्रजी, एकेक शब्द, थांबत थांबत. फाइलमध्ये लापुन नावाचं यंत्र सापडत नाही. मग फाइलमधलं नाव — ते मोठ्याने वाचणार हे ओळखून मी कानात बोटं घातली. बोटं काढली तेव्हा ते विचारत होते, "हा लापुन कोण?"

"तूच, आजा."

"मी?"

"सगळ्या माम्या तुला लापुन म्हणतात. तू नसलास की."

आता काय होतंय ह्या भीतीने मी भिंत धरली. आणि मामंजी हसले. इतके हसले की खोकला लागला, खोकला थांबेना, खुर्चीला धरून बसले. मला त्यांचा खोकला ऐकून धीर वाटला, काय सांगू.

पुढचं सगळं भिंतीकडे तोंड करून. मी सिफीला सांगायचं, सिफीने आज्याला. कुठलं बटण, किती वेळा, मग कुठली ओळ. त्यांचं एक बोट बटणांवर हिंडायचं.

"आजा, मामी म्हणते लापुन खोडून टाक."

"खोडला."

"आता तिथे तुझं खरं नाव लिही. फाइलमध्ये आहे तस्संच."

ते एकेक अक्षर दाबताना तोंडाने म्हणत होते. माझी बोटं पुन्हा कानात. सिफीने बाकावरून हात लांबवून माझ्या ब्लाउजचं टोक ओढलं. "झालं मामी. काढ बोटं."

बंद करून चालू करायला सांगितलं. मी तक्त्यावरचं गोवर, गोवर, गोवर वाचत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

"मामी, निळं झालं!"

मी वळले नाही. आधी मामंजींनी पट्टी परत लावली, नीट, हवा न राहता. सिफीने सांगितलं, "बघ आता." बघितलं. निळं होतं.

फोटो उघडला. सिफीची पाठ स्क्रीनभर. मणके वरून खाली ओळीने, आणि मधले दोन खचलेले. मामंजी तिथेच उभे होते. त्यांनी असे फोटो पाहिलेले आहेत. त्यांनी सिफीच्या डोक्यावर हात ठेवला आणि दारात गेले.

फोटो लाएला गेला. ओळखलं त्यांनी आम्हाला.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

खाट मिळाली! डॉक्टरांचा निरोप — लगेच पाठवा, पाठीवर निजवून आणा, बसवू नका.

नणंद आली, माझ्या टेबलावर केळीच्या पानात भाजलेला मासा ठेवला आणि गेली. मी सगळा खाल्ला. लुडविना डोंगरावरून आली ती गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन, तिला काटेसुद्धा मिळाले नाहीत.

कोम्ब्रीने फोन केला. "काय होतं शेवटी?"

"दोन ठिकाणी दोन नावं होती."

"मी विचारलं होतं तुला! तू म्हणालीस एकच."

"माणूस एकच आहे."

मला वाटलं आता ओरडेल. मग म्हणाला, "ताई, माझी बायको माझ्या बापाला 'तो डोंगर' म्हणते. मला कळायला हवं होतं." हसला. मग म्हणाला, हवं तर तुझ्या मशीनचं नाव इथून बदलून टाकतो, फाइलसकट. नुसता आकडा ठेवू. म्हटलं, विचारून सांगते.

खांबाला विचारलं. बाकावरून उत्तर आलं, "राहू दे. सवय झालीये त्याला."

शनिवार, २४ ऑगस्ट

बोट आली. सिफीला फळीवर बांधून नेलं. सोबत नणंद. मामंजी छातीभर पाण्यात गेले, आपली घोंगडी तिच्या अंगावर टाकली, मगही दिला. ती ओरडून म्हणाली, "आजा, परत येईन तेव्हा धावत येईन!" बोट दिसेनाशी होईपर्यंत ते पाण्यातच उभे राहिले. मग किनाऱ्यावर येऊन वाळूत बसले आणि कितीतरी वेळ खोकत होते. मी लांबून टॉर्चला म्हटलं, "घरी जायला सांग, ओल्या अंगाने बसू नका म्हणावं."

शुक्रवार, ६ सप्टेंबर

सकाळी मशीन उघडलं तर डॉक्टरांचा निरोप. ऑपरेशन झालं. पाठीच्या कण्याचा टीबीच. औषधं सुरू केलीत. डाव्या पायाचा अंगठा हलला! लुडविना आणि मी एकमेकींना मिठी मारून नाचलो. ती मला म्हणाली, "जा, म्हाताऱ्याला सांग." मी दारापर्यंत गेले, खांबाला सांगायला.

मग लुडविनाने मागून हाक मारली. निरोप खाली अजून होता. मी पुरता वाचलाच नव्हता.

एवढ्या लहान मुलीला हा रोग घरातल्या मोठ्या माणसाच्या छातीतून येतो. जवळ घेणाऱ्या, जवळ निजवणाऱ्या. घरात बरेच दिवस खोकला कोणाला आहे? सगळ्यांचे छातीचे फोटो काढून पाठवा.

कोणाला आहे! बाहेर बाकावर तेव्हाच खोकला चालू होता.

मी तो खोकला रोज ऐकत होते. फोनवर बोलता येत नाही म्हणून चिडत होते. त्या दिवशी तर मला धीर आला होता त्या खोकल्याने. आणि ते? त्यांनी अर्ध्या किनाऱ्याला टीबीच्या गोळ्या वाटल्यात. दुसऱ्या कोणी असं खोकलं असतं तर लांबून ओळखलं असतं. स्वतःच्याला तंबाखू म्हणाले.

लुडविना त्यांना सांगायला गेली. मी दाराआड. तिने हळू आवाजात सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याकडून?" ती म्हणाली, "फोटो काढू, मग कळेल." ते पुन्हा म्हणाले, "माझ्याकडून." ह्या वेळी विचारलं नाही.

मग उठले आणि बाक उचलून व्हरांड्यापासून लांब, झाडाखाली नेऊन ठेवला. एकटेच. टॉर्च मागे गेला तर त्यालाही हाकललं. मला इतकं वाईट वाटतंय की जेवण गेलं नाही.

शनिवार, ७ सप्टेंबर

आम्हा सगळ्यांचे फोटो काढले. मामंजी आले नाहीत.

सोमवार, ९ सप्टेंबर

आज आले. शर्ट काढून प्लेटला छाती लावून उभे राहिले. किती बारीक झालेत. फोटोच्या आधी मशीन पेशंटचं नाव विचारतं. लुडविना म्हणाली, "सरक, मी लिहिते."

"नको," मामंजी म्हणाले. मान वळवली. खांबाकडे नाही, कुत्र्याकडे नाही. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "डॉर्कस. आता लाज माझी आहे, तुझी नाही. पट्टी काढ आणि तू लिही."

काढली. लिहिलं. इथेही लिहिते.

हाकेनु.